पदरमोड

१८६५ साली ब्रिटिश नौदलाच्या एका व्हाइस-अॅडमिरलचा लंडनजवळ मृत्यू झाला, आणि मागे राहिलेल्या पत्नी-मुलांची काय सोय आहे हे पाहायला गेलेल्या मित्रांना कळले की सोय अशी काही उरलेलीच नाही. हा माणूस उमरावाच्या घरात जन्मलेला होता. त्याला जुगाराचा नाद नव्हता, दारूचे व्यसन नव्हते, आणि उधळेपणा तर त्याच्या स्वभावातच नव्हता. तरीही जवळचे सुमारे ६,००० पौंड संपले होते, आणि ते संपले होते सरकारी कामांवर. त्या काळी एखाद्या कुटुंबाला आयुष्यभर निश्चिंत राहता येईल एवढी ती रक्कम होती.

मराठीत याला पदरमोड म्हणतात. पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवलेले चार पैसे, कोणी मागितलेले नसताना, आपणच गाठ सोडून दुसऱ्याच्या कामासाठी पुढे करायचे, असे या शब्दात आहे. गाठ सोडणाऱ्याचा पदर मोकळा होतो आणि काम तर सरकारच्या नावावर जमा होते. रॉबर्ट फिट्झरॉय या नौदल अधिकाऱ्याविषयी मी गेली काही वर्षे मिळेल ते वाचत आलो आहे, आणि त्याच्या साऱ्या आयुष्याला लागू पडेल असा याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही.

आपल्याकडे त्याचे नाव घेतले जाते ते डार्विनच्या गोष्टीतल्या एका ओळीपुरते. डार्विन ज्या ‘बीगल’ जहाजावरून जगभर फिरला त्याचा कप्तान फिट्झरॉय होता, तो तापट आणि कर्मठ ख्रिस्ती होता, आणि पुढे उत्क्रांतीच्या विरोधात उभा राहिला, एवढे सांगून त्याला बाजूला ठेवले जाते. यातले काहीच खोटे नाही. पण किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसांचे त्याच्याशी असलेले नाते या ओळीत कुठेच येत नाही, आणि ते नाते डार्विनच्या नात्याहून कमी मोलाचे नाही.

फिट्झरॉयचा जन्म ५ जुलै १८०५ रोजी इंग्लंडमधल्या सफक परगण्यात झाला. वडिलांकडून तो दुसऱ्या चार्ल्स राजाच्या अनौरस वंशातला, आणि आई प्रसिद्ध मंत्री कॅसलरे याची सावत्र बहीण. आई तो पाच वर्षांचा असतानाच गेली. बाराव्या वर्षी तो पोर्ट्समथच्या नौदल विद्यालयात दाखल झाला आणि १८२४ साली लेफ्टनंटच्या परीक्षेत त्याने पैकीच्या पैकी गुण मिळवले. तोवर असे कोणालाही जमले नव्हते. मात्र त्याआधी दोनच वर्षे, तो सतरा वर्षांचा असताना, कॅसलरे मामाने मानसिक आजाराच्या भरात आत्महत्या केली होती. आपल्यातही ते मामाकडचे काही उतरले असेल, ही भीती त्याला पुढे आयुष्यभर पुरली.

नशीब असे की त्याला पहिले जहाज मिळाले तेही एका आत्महत्येमुळेच. दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी, वर्षातले बहुतेक दिवस पाऊस आणि वाऱ्याने झोडपल्या जाणाऱ्या मॅजेलन सामुद्रधुनीच्या परिसरात, बीगल किनाऱ्याची मोजणी करत होती. तिचा कप्तान प्रिंगल स्टोक्स त्या एकटेपणाने खचला आणि ऑगस्ट १८२८मध्ये त्याने स्वतःला संपवले. त्याच्या जागी डिसेंबरमध्ये तेवीस वर्षांच्या फिट्झरॉयची नेमणूक झाली. जहाज लहान, जेमतेम नव्वद फूट लांबीचे, आणि त्यावरचे खलाशी आपल्या कप्तानाचा असा शेवट पाहिलेले.

त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच एक घटना घडली. चरित्रकार ती दोन-चार ओळींत आटोपतात, मी मात्र तिच्यापाशी नेहमी थांबतो. जानेवारी १८२९च्या अखेरीस बीगल उरुग्वेच्या किनाऱ्यावरच्या माल्दोनादो बंदराकडे चालली होती. हवेचा दाब दाखवणाऱ्या बॅरोमीटरमधला पारा उतरत होता, म्हणजे वादळाची खूण मिळत होती, आणि क्षितिजावरही चिन्हे चांगली नव्हती. परंतु बंदर जवळ आले होते, तिथे आपल्या तुकडीचे दुसरे जहाज वाट पाहत होते, आणि नव्या कप्तानाला लवकर पोहोचायचे होते. त्या भागात पाम्पेरो नावाचा वारा गवताळ मैदानांवरून अचानक उसळून समुद्रावर येतो. तो आला तेव्हा शिडे पुरती उतरवलेली नव्हती. जहाज एका कुशीवर आडवे झाले, डोलकाठ्यांचे वरचे भाग मोडून पडले, आणि दोन खलाशी समुद्रात गेले ते पुन्हा दिसले नाहीत.

त्यासाठी फिट्झरॉयला कोणी शिक्षा केली नाही, आणि तशा वाऱ्यात जहाज वाचवले हेच पुष्कळ झाले असे कोणताही अनुभवी नाविक म्हणाला असता. तो स्वतः मात्र तसे म्हणाला नाही. पारा सांगत होता आणि मी ऐकले नाही, असा त्याने स्वतःशी निवाडा केला, आणि त्या दिवसापासून बॅरोमीटर त्याच्या दृष्टीने केबिनमधले एक उपकरण राहिला नाही. पुढच्या साडेतीन दशकांत त्याने जे काही केले त्याचे मूळ मी या दोन खलाशांपाशी शोधतो. ते तसे कागदावर सिद्ध करता येणार नाही याची मला जाणीव आहे.

त्याच्या पदरमोडीची दुसरी बाजूही इथेच सांगितली पाहिजे, कारण ती लपवली तर हा लेख निव्वळ स्तुती होईल. १८३० साली दक्षिण अमेरिकेच्या टोकाजवळच्या तिएरा देल फुएगो बेटांवरच्या लोकांनी बीगलची एक लहान होडी पळवली. ती परत मिळवण्यासाठी फिट्झरॉयने काही माणसे ओलीस धरली, होडी मिळालीच नाही, आणि शेवटी त्यांतल्या चौघांना तो इंग्लंडला घेऊन गेला. त्यांत एक लहान मुलगी होती आणि जेमी बटन नावाने ओळखला गेलेला एक मुलगा होता. एका मोत्याच्या शिंपल्याच्या बटणाच्या मोबदल्यात त्याला घेतले म्हणून हे नाव. त्यांना इंग्रजी, शेती आणि ख्रिस्ती धर्म शिकवावा आणि परत नेऊन सोडावे, म्हणजे त्यांच्या लोकांचे कल्याण होईल, असे त्याला मनापासून वाटत होते. चौघांपैकी एकजण प्लिमथला देवीच्या रोगाने दगावला. उरलेल्या तिघांना लंडनजवळच्या एका शाळेत ठेवले, राजा आणि राणीच्या भेटीलाही नेले, आणि हा सगळा खर्च फिट्झरॉयने स्वतः केला.

पैसे त्याचे होते हे खरे, पण मोजलेली किंमत त्याची एकट्याची नव्हती. मागितल्याशिवाय केलेले उपकार घेणाऱ्याला केवढे जड पडू शकतात हे या प्रकरणात दिसते. सरकारने या तिघांना परत पाठवण्यात रस दाखवला नाही, तेव्हा तो स्वतःच्या पैशाने एक जहाज भाड्याने घेऊन निघण्याच्या तयारीत होता. अखेर नातेवाइकांच्या खटपटीने बीगलची दुसरी मोहीम मंजूर झाली. म्हणजे ज्या प्रवासाने जीवशास्त्राची दिशा बदलली, त्याच्या मुळाशी तीन परक्या माणसांना घरी पोहोचवण्याचे एक वचन होते. १८३३मध्ये त्यांना किनाऱ्यावर उतरवले गेले. वर्षभराने बीगल पुन्हा तिथे गेली तेव्हा जेमी बटन कपडे टाकून, हडकुळा होऊन, आपल्या लोकांत मिसळून राहत होता. जहाजावर तो जेवला, इंग्रजीत बोलला, भेटवस्तू दिल्या, पण पुन्हा इंग्लंडला येतोस का या प्रश्नाला त्याने नकार दिला. त्याला बायको मिळाली होती आणि त्याला तिथेच राहायचे होते. फिट्झरॉयने तो नकार मानला, याची मी त्याच्या बाजूने नोंद करतो.

या दुसऱ्या मोहिमेसाठी त्याने बीगल जवळजवळ नव्याने बांधून घेतली आणि देशोदेशींचे रेखांश अचूक ठरवता यावेत म्हणून २२ क्रोनोमीटर, म्हणजे समुद्रावरही अचूक वेळ दाखवणारी घड्याळे, सोबत घेतले. त्यांतले काही त्याचे स्वतःचे होते, आणि त्यांची निगा राखणाऱ्या कारागिराचा पगारही तोच देत होता. स्टोक्सचा शेवट त्याच्या मनात ताजा होता, आणि कप्तानाने हाताखालच्यांशी मोकळेपणाने बोलायचे नाही अशी नौदलाची रीत होती. म्हणून जेवणाच्या टेबलावर समोर बसायला एखादा शिकलेला सद्गृहस्थ हवा, असे त्याने सुचवले. त्यातून बावीस वर्षांचा चार्ल्स डार्विन जहाजावर आला. कप्तान सव्वीस वर्षांचा होता. २७ डिसेंबर १८३१ रोजी त्यांनी इंग्लंडचा किनारा सोडला आणि २ ऑक्टोबर १८३६ रोजी ते परतले. पावणेपाच वर्षे दोघांनी एका छोट्या केबिनमध्ये समोरासमोर बसून जेवण केले, हे त्यांच्या पुढच्या वैराविषयी बोलताना विसरले जाते.

फिट्झरॉयचा राग प्रसिद्ध होता. सकाळच्या पाळीला येणारे कनिष्ठ अधिकारी आज ‘गरम कॉफी’ कितपत वाटली गेली, अशी चौकशी करत, म्हणजे कप्तान कोणावर किती कडाडला याची. ब्राझीलमध्ये गुलामीवरून त्याचा आणि डार्विनचा मोठा वाद झाला. एका जमीनदाराने आपल्या गुलामांना बोलावून तुम्हाला स्वातंत्र्य हवे का असे विचारले आणि सर्वांनी नाही म्हटले, असे फिट्झरॉय सांगत होता. मालकासमोर दिलेल्या त्या उत्तराला काय किंमत, असे डार्विनने विचारले. कप्तान संतापला आणि आता आपण एका टेबलावर बसू शकत नाही असे म्हणून निघून गेला. काही तासांतच त्याने माफीचा निरोप पाठवला. त्या वादात डार्विन पूर्णपणे बरोबर होता, आणि तरीही आपल्या जहाजावर सर्वाधिकार असलेल्या माणसाने एका पाहुण्याची काही तासांत माफी मागावी, हेही मला लहान वाटत नाही.

दक्षिण अमेरिकेच्या टोकाचा किनारा इतका तुटक, खाड्यांचा आणि बेटांचा होता की एका जहाजाने मोजणी पुरी होणे शक्य नव्हते. म्हणून १८३३मध्ये फिट्झरॉयने स्वतःच्या पैशाने एक दोन डोलकाठ्यांचे जहाज विकत घेतले, डागडुजी करून त्याला ‘अॅडव्हेंचर’ हे नाव दिले आणि कामाला लावले. वरिष्ठांना कळवू, ते पाहून मान्यता देतील, असा त्याचा हिशेब होता. मान्यता आली नाही, उलट कानउघाडणी आली, आणि जहाज विकावे लागले. चिलीतल्या वाल्पाराइसो बंदरात हे कळले तेव्हा तो इतका खचला की आपले डोके ठिकाणावर नाही असे समजून त्याने कप्तानपद सोडण्याचे पत्रही तयार केले. त्याचा दुय्यम अधिकारी विकहॅम याने त्याची समजूत घातली. आपली नेमणूक जेवढ्या कामासाठी आहे तेवढेच करा, असे त्याला सांगितले गेले. फिट्झरॉयला नेमके तेवढेच कधी जमले नाही.

मोहीम पुरी झाली, १८३७मध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले, आणि त्याने केलेले नकाशे पुढे पिढ्यानपिढ्या त्या किनाऱ्यावर वापरले गेले. मधली वर्षे मी भराभर सांगतो. १८४१मध्ये तो खासदार झाला. १८४३च्या अखेरीस न्यूझीलंडचा गव्हर्नर म्हणून गेला तेव्हा खजिना रिकामा होता आणि वाइराऊ येथे जमिनीवरून झालेल्या चकमकीत वसाहतवाल्यांचे आणि तिथल्या मूळ रहिवासी माओरींचे रक्त नुकतेच सांडलेले होते. त्याने चौकशी करून चूक आपल्याच लोकांची होती असा निर्णय दिला. वसाहतवाल्यांनी त्याला कधी क्षमा केली नाही, पैशाच्या अडचणीत त्याने घेतलेले निर्णय लंडनला आवडले नाहीत, आणि १८४५मध्ये त्याला परत बोलावले गेले. पुढे १८५२मध्ये पहिली पत्नी गेली, आणि काही वर्षांत थोरली मुलगीही.

१८५४मध्ये त्याला ब्रिटिश सरकारच्या व्यापार मंडळात हवामानाची आकडेवारी जमवण्याची जागा मिळाली. हाताखाली तीन माणसे होती, आणि जहाजांनी समुद्रावर घेतलेल्या नोंदी एकत्र करून कोष्टके तयार करायची, एवढेच काम होते. इथेही त्याला तेवढेच जमले नाही. कोळ्यांच्या गरीब बंदरांना बॅरोमीटर उसने दिले जावेत आणि होडी बाहेर काढण्याआधी कोणालाही पारा पाहता यावा, अशी व्यवस्था त्याने सुरू केली. माल्दोनादोला आपण जे पाहिले नाही ते दुसऱ्याने पाहावे, एवढीच ती धडपड होती.

२६ ऑक्टोबर १८५९च्या पहाटे ‘रॉयल चार्टर’ नावाचे जहाज वेल्सच्या अँगलसी बेटाजवळ खडकांवर आपटून फुटले. मेलबर्नहून लिव्हरपूलला निघालेले, ऑस्ट्रेलियाच्या खाणींत कमावलेले सोने घेऊन घरी परतणाऱ्या लोकांनी भरलेले हे जहाज मुक्कामापासून काही तासांवर होते. साडेचारशेच्या आसपास माणसे बुडाली. जे मोजके चाळीस वाचले त्यांत एकही बाई नव्हती आणि एकही मूल नव्हते. त्याच वादळात ब्रिटनच्या किनाऱ्यावर शंभरहून अधिक जहाजे गेली. फिट्झरॉयने ठिकठिकाणच्या नोंदी मागवून त्या वादळाचा माग काढला आणि दाखवून दिले की ते येत असल्याची चिन्हे आधीपासून होती, फक्त एका ठिकाणची चिन्हे दुसऱ्या ठिकाणी कळण्याची सोय नव्हती. तार मात्र आता आली होती, आणि तार वादळाहून वेगाने धावते.

त्याची योजना साधी होती. किनाऱ्यावरच्या ठाण्यांनी रोज सकाळी वायुभार, तापमान, वारा आणि आकाशाची स्थिती तारेने लंडनला कळवायची. तिथे ते सारे एका नकाशावर मांडून वादळाचा संभव दिसला तर संबंधित बंदरांना उलट तार करायची. आणि बंदरावर उंच काठीवर काळ्या कापडाचा शंकू चढवायचा. शंकूचे टोक वर असेल तर वादळ उत्तरेकडून, खाली असेल तर दक्षिणेकडून, आणि सोबत पिंप असेल तर मोठे. रात्री त्याच आकारात कंदील लावायचे. वाचता न येणाऱ्या खलाशालाही हे मैलभरावरून कळत असे. पहिला इशारा फेब्रुवारी १८६१मध्ये दिला गेला.

माझे आजोळ रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका लहान बंदरावरचे आहे आणि माझे मामा तांडेल, म्हणजे होडीवरचे प्रमुख, होते. बंदरावरच्या काठीवर तीन नंबरचा बावटा लागला की मामा जेटीवरूनच परत येत आणि मामीला एवढेच सांगत, “तीन नंबर लागलाय.” पुढे काही बोलावे लागत नसे, दोन दिवस होडी बाहेर जाणार नाही, हातात पैसा येणार नाही, हे मामीला समजे. एका वर्षी बावटा लागून तीन दिवस गेले आणि समुद्र पाटासारखा शांत राहिला. चौथ्या दिवशी बंदरावरच्या कारकुनाला लोकांनी नाही नाही ते ऐकवले. मामा त्यांत बोलले नाहीत. मी विचारले तेव्हा म्हणाले, “त्याने लावला नसता आणि आलं असतं, तर कोणाला विचारायला गेलो असतो?” मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा होतो. काठीवर खूण चढवून तारेने आलेला इशारा कोळ्यांपर्यंत पोहोचवण्याची ही पद्धत फिट्झरॉयने सुरू केली, हे मला कितीतरी वर्षांनी वाचनात आले, आणि तेव्हापासून हा परका अधिकारी मला परका वाटलेला नाही.

त्या कारकुनाने एका सकाळी जे ऐकले ते फिट्झरॉयने चार वर्षे ऐकले. १ ऑगस्ट १८६१पासून लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये त्याचे पुढच्या दोन दिवसांच्या हवामानाचे अंदाज छापून येऊ लागले, उत्तरेला मध्यम पश्चिमी वारा, हवा चांगली, इतकी साधी त्यांची भाषा होती. ही भविष्यवाणी नाही, नोंदी आणि गणित यांवरून काढलेले मत आहे, हे तो पुन्हापुन्हा सांगत असे, आणि त्यासाठी त्याने योजलेला ‘फोरकास्ट’ हा शब्द आज जगभर रूढ आहे. पण लोकांनी ते भविष्य म्हणूनच वाचले. चुकले की ज्या वर्तमानपत्रात छापले जाई त्यातच टीका येई, संसदेत खर्चावर प्रश्न येत, आणि शंकू पाहून जहाजे बंदरात थांबली की मालकांना दिवस बुडाल्याचे दुःख होई. शास्त्रज्ञांचे म्हणणे असे की यामागे सिद्धान्त नाही. त्यांचा आक्षेप चुकीचा नव्हता. वातावरणाचे गणित तेव्हा खरोखरच अपुरे होते. मात्र पूर्ण गणित हाती येईपर्यंत बुडणाऱ्यांना थांबायला सांगायचे का, हा फिट्झरॉयचा प्रश्न होता, आणि अशा कामात एक अडचण असते: जो इशारा खरा ठरून उपयोगी पडला त्याचा पुरावा म्हणजे न बुडालेली होडी, आणि तिची नोंद कोणी करत नाही.

याच काळात त्याच्या मनावर दुसरे ओझे होते. पहिल्या लग्नानंतर तो अधिकाधिक धर्मनिष्ठ झाला होता, आणि १८५९मध्ये डार्विनचा सिद्धान्त प्रसिद्ध झाला तेव्हा आपणच याला जहाजावर घेतले, असे त्याला वाटू लागले. जून १८६०मध्ये तो वादळांवरचा निबंध घेऊन ऑक्सफर्डच्या विज्ञान परिषदेला गेला होता. तिथे उत्क्रांतीवर प्रसिद्ध खडाजंगी झाली त्या सभेत हा चोपन्न वर्षांचा अॅडमिरल बायबल उंच धरून, माणसाऐवजी देवावर विश्वास ठेवा, असे विनवत उभा राहिला. लोकांनी त्याला ओरडून खाली बसवले. हा प्रसंग हसण्यासाठी सांगितला जातो. मला त्यात तोच माल्दोनादोचा कप्तान दिसतो, आपल्या हातून घडलेल्या प्रत्येक गोष्टीचा जाब स्वतःलाच विचारणारा. फक्त या वेळी ज्या गोष्टीचा त्याला पश्चात्ताप होत होता, तिच्यासाठी जगाने त्याचे आभार मानायला हवे होते.

व्यापार मंडळातली वरची जागा रिकामी झाली तेव्हा ती त्याला मिळाली नाही. बीगलवर त्याच्याच हाताखाली असलेल्या सलिव्हनला मिळाली. कान कमी ऐकू लागले, झोप गेली, कामाचा ताण सोसेना. ३० एप्रिल १८६५ रोजी, रविवारी सकाळी, घरातली माणसे चर्चला जाण्याच्या तयारीत असताना त्याने स्वतःचे आयुष्य संपवले. साठावे वर्ष पुरे व्हायला दोन महिने होते.

कुटुंबासाठी निधी जमवायला पुढे आला तो तोच सलिव्हन. डार्विनने १०० पौंड दिले. सरकारने त्याच्या पदरमोडीपैकी ३,००० पौंड परत केले आणि राणी व्हिक्टोरियाने त्याच्या दुसऱ्या पत्नीला हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात राहायला जागा दिली. त्याच्या कामाची चौकशी करायला फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञाच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तिने या अंदाजांना शास्त्रीय आधार नाही असे ठरवले, वर्तमानपत्रातले अंदाज बंद झाले, आणि डिसेंबर १८६६मध्ये वादळाचे इशारेही थांबवण्यात आले. काठ्या उभ्या राहिल्या आणि शंकू खाली उतरले.

तेव्हा किनाऱ्यावरून तक्रारी येऊ लागल्या. तक्रार इशारे चुकतात अशी नव्हती; इशारे बंद का केले अशी होती. जेमतेम वर्षभराने बंदरांवर शंकू पुन्हा चढू लागले. वर्तमानपत्रातले अंदाज परत यायला १८७९ साल उजाडावे लागले, पण खलाशांनी आपली काठी मागून घेतली होती.